इया लादुनच्या विहिरीची किल्ली

मोलेतेचा चढ चढताना लासिसी तिसऱ्यांदा थांबला. दुपारची नमाज होऊन गेली होती. रमजानचा एकोणिसावा रोजा. हत्यारांची पिशवी खांद्यावरून उतरवून त्याने एका भिंतीला टेकवली आणि मग स्वतःही टेकला. जीभ टाळूला चिकटली होती. एकतीस वर्षं तो लोकांच्या विहिरींत डोकावत आला होता. विहिरींच्या काठांवर बसून बसून गुडघे गेले, मोटरींना कान लावून लावून डावा कान गेला. या वर्षी रोजे नेमके कोरड्या दिवसांत आलेले. साऱ्या इबादान शहरातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या, आणि दिवसभर तहानलेल्या माणसाने घरोघरी पाणी आणून द्यायचं होतं. तक्रार कोणाकडे करायची? रोजाही अल्लाचा आणि उन्हाळाही त्याचाच.

इया लादुनचं घर चढाच्या टोकाला होतं. ओसरीवर अकान्नी शिंपी मशीन चालवत बसला होता. लासिसीला पाहून त्याने पायडल थांबवलं.

"आले, आले, पाण्याचे डॉक्टर आले! पेशंट शुक्रवारीच गेला म्हणावं. आज सोमवार."

"पेशंट जिवंत आहे का ते मी बघतो," लासिसी म्हणाला. "तू माझ्या पायजम्याचं बघ. दोन महिने झाले कापड देऊन."

"तुमचं माप बदलतंय हो. रोज्यांनी तुम्ही निम्मे झालात. शिवू तरी कोणाला?"

तेवढ्यात आतून घरमालकीण इया लादुन, म्हणजे लादुनची आई, आली. साठीची, अंगाने भारी बाई. मान पुसायला तिच्या हातात नेहमी एक पांढरा रुमाल असायचा, निळ्या दोऱ्याने तिने स्वतः काठ विणलेला. तसले डझनभर रुमाल तिच्याकडे होते. गळ्यात एक दोरी आणि दोरीला किल्ली. विहिरीवर लोखंडी झाकण होतं आणि झाकणाला कुलूप. सकाळी ती स्वतः कुलूप उघडायची, तासभर भाडेकरूंना पाणी शेंदू द्यायची आणि पुन्हा लावायची. बाकी घराला मोटरने टाकीत पाणी चढायचं.

"लासिसी, देवाची शपथ घालून सांगते, सरळ बोल," ती म्हणाली. "मोटर फिरते, घुमते, पण नळाला थेंब नाही. गुरुवारी सकाळी हिच्या पोहऱ्याचा दोर तुटला. पोहरा धाडकन आत. गळ टाकून काढला, पण त्यानेच पाइप फोडलाय. मी हिला सांगून ठेवलंय, लासिसी येऊ दे. पाइप फुटलाय म्हणाला की रविवारच्या आत खोली रिकामी कर."

'ही' म्हणजे मागच्या खोलीतली भाडेकरीण, सुनम्बो. दारात उभी होती. एक बाळ पाठीला बांधलेलं, दुसरं खांद्यावर. जुळ्यांना अजून चाळीस दिवसही झाले नव्हते. नवरा ट्रक घेऊन उत्तरेला गेलेला, तिकडून फोनही लागत नव्हता. शुक्रवारपासून विहिरीचं कुलूप सकाळीही उघडलं नव्हतं आणि ही बाई दोन बाळं घेऊन उताराखालच्या सार्वजनिक नळावरून डोक्यावर पाणी आणत होती. ती नुसती लासिसीच्या तोंडाकडे बघत राहिली, दवाखान्यात बघतात तशी.

लासिसीला तिची नजर नको होती. त्याला काम हवं होतं, मग घर आणि मग पाणी. दुसऱ्याच्या घराचा निकाल आपल्या तोंडून लागावा, ही हौस त्याला कधीच नव्हती.

"जनरेटर लावा," तो म्हणाला. "लाइटची वाट बघत बसलो तर ईद इथेच होईल."

जनरेटर धडधडला. लासिसीने टेस्टर लावला, करंट होता. कंडेन्सर फुगलेला नव्हता. मोटरच्या पोटावर त्याने तळवा ठेवला आणि उजवा कान जवळ नेला. ही सवय त्याच्या उस्तादाची. उस्ताद म्हणायचा, हत्यार काढायच्या आधी हात लाव, मशीनही ताप आलेल्या पोरासारखंच असतं. मोटर हलकी फिरत होती. ओझं नसलेली, रिकामी. पाणी उचलणारी मोटर जरा कण्हते, ही कण्हत नव्हती.

"बंद करा."

मोटरच्या डोक्यावर पाणी भरायचं तोंड असतं. त्याचं बूच त्याने पान्याने सैल केलं. बूच निघालं तसं आतलं पाणी काठोकाठ दिसलं. चार दिवस उभं असलेलं, थंड. लासिसीने त्याच्याकडे गरजेपेक्षा थोडं जास्त वेळ पाहिलं. मग तांब्याभर मागवून आणखी ओतलं. पाणी काठावरून सांडलं, पण खाली गेलं नाही. तो उकिडवा बसून वाट बघत राहिला. गुडघे ओरडत होते. पाणी जागचं हललं नाही.

"पाइप फुटलेला नाही," तो म्हणाला.

"कशावरून?" इया लादुनने विचारलं.

"फुटला असता तर हे पाणी कधीच विहिरीत निघून गेलं असतं आणि मोटरने हवा धरली असती. हे चार दिवस तोंडाशी उभं आहे. म्हणजे पाइप धड आहे, खालचा, पाणी अडवून धरणारा फुटव्हॉल्वही धड आहे. पोहऱ्याने काही केलेलं नाही."

सुनम्बो दारातून एक पाऊल पुढे आली. पण इया लादुनने मान हलवली.

"मग पाणी का नाही? हवेत गेलं? तू रोज्याचा, थकलेला. तुला लवकर घरी जायचंय म्हणून असं बोलतोयस."

थकलेला होता, हे खरंच. म्हणूनच तो चिडला नाही. चिडायलाही थोडं पाणी लागतं.

"किल्ली द्या. विहिरीत पाणी आहे का तेवढं बघू. तेच आटलं असेल तर माझ्या हातात काही नाही, मग विहीर खोल करणाऱ्यांना बोलवा."

किल्ली द्यायला ती क्षणभर घुटमळली. मग स्वतःच पुढे झाली, कुलूप काढलं आणि झाकण लोटून दोन पावलं मागे सरली. लासिसीने दोराला दगड बांधून खाली सोडला. दगड तळाला टेकल्यावर दोर वर ओढला आणि भिजलेला भाग हाताने मोजला. एक परस, म्हणजे माणसाच्या उंचीइतकं पाणी होतं, वर थोडं जास्तच.

"अल्हम्दुलिल्लाह," तो पुटपुटला. "सकाळी खालच्या गल्लीत तीन विहिरी बघितल्या. तिन्हींचा तळ उघडा. तुमच्याकडे बुडण्याइतकं आहे."

"मग?" अकान्नीने ओसरीवरून विचारलं. मशीन त्याने केव्हाच सोडलं होतं.

"मग तोंड बंद आहे. तुझं नव्हे, फुटव्हॉल्वचं. तुझं कधी बंद व्हायचंय?"

आता पाइप वर काढायला हवा होता. चार परस लांबीचा, आत पाणी भरलेला. हे दोन माणसांचं काम. अकान्नीची कंबर लगेच धरली. इया लादुन खुर्चीवर बसून राहिली. सुनम्बोने खांद्यावरचं बाळ ओसरीवर कापडात निजवलं, पाठीवरच्याची गाठ आवळली आणि विहिरीशी येऊन उभी राहिली.

"पोरी, तू बाळंतीण आहेस," लासिसी म्हणाला.

"बाबा, नळावरून रोज आठ खेपा आणतेय. पाइप काय जड आहे?"

दोघांनी मिळून ओढायला सुरुवात केली. हातभर वर, दम, पुन्हा हातभर. लासिसीच्या डोळ्यांपुढे काळे ठिपके नाचायला लागले. पाइपवरचं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होतं आणि त्याला ओठ मिटून घ्यावे लागत होते. मनात तो नुसतं अल्लाचं नाव घेत होता, प्रत्येक हाताला एकदा. बाकी काही मागायला त्राण नव्हतं.

शेवटी फुटव्हॉल्व काठावर आला. त्याच्या गाळणीभोवती एक कापड घट्ट ओढलं गेलं होतं, जणू कोणी तोंडात बोळा कोंबला होता. गाळाने ते काळपट पडलं होतं. लासिसीने नखाने सोडवलं, एकदा पिळलं आणि उलगडलं. पांढरा रुमाल. काठाला निळा दोरा.

सुनम्बोनेही पाहिला. तिचे ओठ हलले. लासिसीने मान किंचित हलवून तिला थांबवलं आणि रुमाल मुठीत घेतला. उन्हाळ्यात पाणी तळाला जायला लागलं की इया लादुन काय करणार? जे तिच्या विश्वासात बसेल ते. चर्चमधल्या पाद्र्याकडून रुमालावर प्रार्थना करून घ्यायची आणि देवाचं नाव घेऊन विहिरीत सोडायचा. त्याची स्वतःची बायको मशिदीतून मंतरलेलं पाणी आणून उंबऱ्यावर शिंपडायची. यात हसण्यासारखं त्याला काही दिसलं नाही.

"काय निघालं?" अकान्नी ओरडला.

"चिंधी," लासिसी म्हणाला. "गाळणीला बसली होती. काढली. झालं."

तेवढ्यावर भागेल असं त्याला वाटलं होतं. पण अकान्नीने मांडीवर थाप मारली.

"चिंधी! मग त्यात काय कोडं आहे? या घरात चिंध्या कोणाकडे आहेत? जुळ्यांची लंगोटं! विहिरीच्या काठावर धूत बसते आणि एक गेलं आत. पोहरा नाही तर लंगोट, इया, चोर तोच!"

"काठावर मी कधी धुतलं?" सुनम्बोचा आवाज फाटला. "कुलूप असतं ना! कधी धुतलं मी?"

पाठीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. त्याचं ऐकून ओसरीवरचंही.

लासिसीने डोळे मिटले. अर्धं खरं बोलून आपण सुनम्बोला वाचवलं असं त्याला वाटलं होतं, आणि त्याच अर्ध्याने ती पुन्हा आत ढकलली गेली होती. तो उठला. उठायला वेळ लागला. चालत इया लादुनच्या खुर्चीपर्यंत गेला आणि तिच्यापुढे मूठ धरली. उघडली नाही. बोटांच्या फटीतून निळा काठ तेवढा लोंबत होता.

"इया," तो हळू म्हणाला, "माझा रोजा आहे. मला खोटं बोलायला लावू नका. आणि खरं बोलायचं तर ते माझ्यापेक्षा तुम्ही बोललेलं बरं."

इया लादुनने निळ्या दोऱ्याकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या रुमालाकडे. अंगणात दोन्ही बाळं रडतच होती. लासिसीला वाटलं, ही आता उठून आत जाईल आणि दार लावून घेईल. तसं झालं तर मूठ उघडावी लागेल.

"माझा आहे," ती म्हणाली.

"काय?" अकान्नीने विचारलं.

"बहिरा आहेस का? माझा रुमाल आहे. पाद्रीबाबांनी प्रार्थना करून दिलेला. शुक्रवारी पहाटे मीच सोडला. पाणी खाली चाललं होतं म्हणून." ती अकान्नीकडे वळली. "मशीन चालव तू. फुकटचा वकील."

मशीन चालू झालं.

लासिसीने फुटव्हॉल्वची जीभ धुतली, पाइप परत सोडला, बूच घट्ट केलं. सुनम्बो शेवटपर्यंत हात लावून होती. जनरेटर सुरू झाला. मोटर आधी हलकी फिरली, मग कण्हायला लागली. लासिसीने तळवा ठेवला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैलावला. नळाने दोन वेळा खाकरून गढूळ पाणी टाकलं, आणि मग सलग धार लागली. पहिलं तांब्याभर त्याने जमिनीवर ओतलं. हेही उस्तादाचंच: ज्याचं पाणी, त्याला आधी.

इया लादुन विहिरीच्या काठाशी येऊन उभी होती. ओला रुमाल तिने घडी करून हातात धरला होता.

"मग देवाने ऐकलं नाही म्हणायचं," ती कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखी बोलली.

"ऐकलं नसतं तर खालच्या गल्लीसारखा तुमचाही तळ उघडा दिसला असता," लासिसी म्हणाला. "पुढच्या खेपेला प्रार्थना वरूनच करा. खाली मी बघतो."

ती हसली नाही. गळ्यातली दोरी काढून तिने किल्ली सुनम्बोच्या हातावर ठेवली.

"उद्यापासून सकाळी तूच उघड. माझ्याच्याने पहाटे उठवत नाही." आणि आत जाता जाता, पाठमोरीच, "आधी तुझी पिंपं भर. टाकीचं नंतर बघू."

रविवारचं नाव तिने काढलं नाही. सुनम्बोनेही विचारलं नाही. ती किल्ली मुठीत धरून नुसती उभी राहिली आणि मग मटकन खाली बसून बाळाला पाजायला लागली.

सूर्यास्ताची, मगरिबची बांग झाली तेव्हा लासिसी हत्यारं पुसत होता. सुनम्बोने पेलाभर पाणी आणि तीन खजूर आणून दिले. पाणी अजून थोडं गढूळ होतं. बिस्मिल्ला म्हणून त्याने डोळे मिटले आणि एका दमात पेला रिकामा केला. ते पाणी घशातून खाली उतरताना त्याला पार पोटापर्यंत कळलं.

घरी पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. बायको रिस्कात दारातच उभी होती.

"साऱ्या गावाला पाणी पाजून आलात ना? इथे नळाला थेंब नाही. आपली मोटर पावसाळ्यापासून बंद आहे, आठवतं का? अंगणातल्या विहिरीचा दोर तेवढा चालू आहे."

"आठवतं," लासिसी म्हणाला. पिशवी खाली ठेवून त्याने पोहरा उचलला आणि विहिरीकडे वळला.