वाफ्यात पडलेला चेंडू

चेंडू मारला की कुठे पडला हे तो कधी बघत नसे. बॅट काखेत मारायची, चपला पायात सरकवायच्या आणि "निघतो मी, गुर्जी" म्हणत चालू लागायचं. डाव संपेपर्यंत एका जागी बसणं त्याला जमलंच नाही.

असा एखादा तुम्हीही पाहिला असेल, पण आमच्या पोशीरच्या बाजूला त्याच्यासारखा मारणारा दुसरा झाला नाही. भात कापून झालं की रिकाम्या खाचरात आमचं क्रिकेट सुरू व्हायचं. शेजारच्या खाचरात वाल असत. त्यात चेंडू पडला की तिथल्या काकू तो कमरेला खोचून घरी नेत. वैतागून मी नियमच केला, वालात उडवला तर बाद. शाळामास्तर मी, पंचही मी, त्यामुळे माझं मोडणार कोण? बाकीचे मुकाट जमिनीलगत खेळायला शिकले. याचा हात काही आवरेना. शेलूपासूनची माणसं त्याचा फटका बघायला येत. दोन-चार चेंडूंत तो वालात उडवे आणि निघे. बघे टाळ्या वाजवत, आमचाच संघ त्याला शिव्या घाले. माझ्या वहीत त्याच्या नावापुढे चौदाच्या वर धावा कधी लागल्या नाहीत.

हंगामात तो माथेरानला हॉटेलांचं सामान डोक्यावर वाहायचा, सामन्यापुरता खाली उतरायचा. खालापूरकडच्या एका कागद गिरणीला संघासाठी फटकेबाज हवा होता, पसंत पडला तर कायमची नोकरी. मी त्याचं नाव कळवलं. त्याच्या बायकोने मला शाळेच्या दारात गाठलं.

"येवढं जमवा, गुर्जी. आठ म्हयने मानूस डोंगरावर. पोरं वळखत नाय त्याला."

चाचणीला मी सोबत गेलो. एस.टी.त तो तीनदा उठून दाराशी जाऊन आला. पहिलाच चेंडू त्याने कुंपणापलीकडे गिरणीच्या साहेबांच्या बागेत, वांग्यांच्या वाफ्यात घातला. पिकात गेला की बाद, हे त्याच्या अंगात मुरलेलं. बॅट टाकून तो चालू लागला. आधी कुणाला कळेना, मग सगळं मैदान हसलं. साहेबही हसले, पण खूश होऊन. म्हणाले, परत बोलवा, हाच माणूस हवा. मी फाटकाबाहेर धावलो, तोवर तो एका टेंपोत चढून गेला होता.

दुसऱ्या दिवशी माथेरान चढलो. तो स्टेशनात कुणाची तरी ट्रंक उचलत होता. मी सांगितलं, तू बाद नव्हतास, साहेबांनी चार दिवस दिलेत, चल.

"पन समदे हसले ना?"

हसले, म्हणालो. खोटं बोलायला हवं होतं. त्याने ट्रंक डोक्यावर घेतली. गिरणीने दुसरा माणूस घेतला. तो पुन्हा आमच्या खाचरात खेळायला आला नाही आणि मला माझ्या नियमाची लाज वाटू लागली.

माफी मागायला मला आठ वर्षं लागली. तोवर ओझ्याने त्याची मान गेली होती, तो घरीच पडून असे. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"त्या चेंडूचं त्यांनी वहीत काय लिवलं, गुर्जी?"

"सहा. पुढे नाबाद."

हे खरंच होतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा चेहरा उजळला. त्याने आत हाक मारली, "आयकलंस का गं? नाबाद व्हतो मी."

ती चुलीपाशी होती. फुंकणी घेऊन जाळ फुंकत राहिली.

तो गेल्याला दोन वर्षं झाली. ती दुसऱ्यांच्या घरी भांडी घासते. मी समोरून येताना दिसलो की वाट बदलते. चूक त्याची नव्हती, माझी होती, एवढं तिला थांबवून सांगायचंय. अजून जमलेलं नाही.