चार नंबरची चकती

जुना कॉम्प्युटर भंगारात द्यायचा, असं आमच्याकडे दर दिवाळीच्या आवराआवरीत ठरतं. ठरलं की कुणीतरी त्याचा एक किस्सा काढतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, चहा होतो, आणि तोवर भंगारवाला पुढच्या गल्लीत गेलेला असतो. एका डब्याच्या नावावर इतके किस्से जमावेत हे जरा अतीच आहे. पण दोष त्याचा नाही, आमच्या रविवारच्या मंडळाचा आहे.

मंडळ म्हणजे तिघंच. मी, पाटबंधारे खात्यात नकाशे काढून रिटायर झालेला. दिलीप, पाचगणीच्या एका निवासी शाळेत गणित शिकवायचा आणि रविवारी साताऱ्याला घरी यायचा. आणि शेजारचे बापू, मूळचे पलूसकडचे, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. रविवारी दुपारी आम्ही माझ्या घरी कॉम्प्युटरवर डीव्हीडी लावून पिक्चर बघायचो. माझी बायको मालती मंडळात नव्हती. कॉम्प्युटर मात्र तिच्या खोलीत होता, त्यामुळे सत्ता तिचीच.

बापूंना पिक्चरचं काही पडलेलं नव्हतं. ते एका चकतीची वाट बघत होते. त्यांची पलटण आफ्रिकेत शांतिसेनेत होती, तेव्हा ऑस्ट्रेलियाच्या काही लोकांनी छावणीचं शूटिंग केलं होतं. त्याची तिकडे डीव्हीडी निघाली होती, आणि ती मिळवायला बापूंनी कॅप्टनसाहेबांना माझा पत्ता कळवला होता. त्या छावणीत बापूंचा दोस्त निवृत्तीही होता. निवृत्ती आष्ट्याचा. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून दोघांच्या घरी पत्रं बापूच लिहायचे. आफ्रिकेतून परत आल्यावर वर्षाच्या आत तो सरहद्दीवर बर्फाखाली गेला. त्याच्या आईकडे, हिराकाकूंकडे, त्याचा एकच फोटो होता, फौजेतला, ओठ घट्ट मिटलेला. "ह्यात माझा न्हाई वाटत त्यो, हसत न्हाई," असं त्या म्हणायच्या. बापूंनी त्यांना शब्द दिला होता, की हलता-बोलता निवृत्ती एकदा दाखवीन.

त्यामुळे दर रविवारी चप्पल काढता काढता बापूंचा प्रश्न ठरलेला. "आली का चकती?"

*

मी आयुष्यभर नकाशे काढले, पण डीव्हीडीवाल्यांनी जगाची सहा तुकड्यांत वाटणी केली आहे हे मला ठाऊक नव्हतं. अमेरिका एक नंबर, युरोप आणि जपान दोन, ऑस्ट्रेलिया चार, आपण पाच. एका नंबरची चकती दुसऱ्या नंबरच्या ड्राइव्हमध्ये चालत नाही. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हचा नंबर बदलता येतो, पण फक्त पाच वेळा. पाचव्या वेळी जो नंबर द्याल, तो कायमचा.

हे दिलीपने फळ्यावर शिकवावं तसं समजावून सांगितलं. बापूंना लगेच कळलं. "म्हंजी पाच बदल्या, आन् मग थितंच रिटायर."

दुसरा ड्राइव्ह का नाही घेतला, असं आता सगळे विचारतात. मालतीचा कायदा आहे, चालती वस्तू बदलायची नाही. आमचा मिक्सरही लग्नातलाच आहे. पळवाटा होत्या म्हणे काही, पण त्या आमच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या.

*

पहिली बदली अमेरिकेला झाली. मालतीच्या बहिणीने तिकडून एक डीव्हीडी पाठवली होती, चांगली चकचकीत खोक्यातली. आम्ही पाच नंबरचा ड्राइव्ह एक नंबरवर नेला, खुर्च्या मांडल्या, पडदे ओढले.

योगासनं निघाली.

एक गोरी बाई समुद्राकाठी पद्मासन घालून श्वास कसा घ्यायचा ते इंग्रजीत सांगत होती. मालती बहिणीच्या मानापोटी दहा मिनिटं बसली. बापू पूर्ण वेळ बसले आणि शेवटी म्हणाले, "आपलीच आसनं, आन् आपल्यालाच बगायला बंदी? लय झालं की हे."

*

दुसरी बदली दिलीपच्या टापटिपीमुळे वाया गेली. पुढच्या रविवारी मराठी नाटकाची डीव्हीडी लावायची होती. गणिताचा मास्तर, त्याने आल्याबरोबर ड्राइव्ह एक नंबरवरून परत पाचवर आणून ठेवला. पाहुणे यायच्या आधी घर आवरलेलं बरं, असं त्याचं म्हणणं.

नाटक संपल्यावर मालतीने खोकं उलटं करून वाचलं. सगळ्या नंबरांवर चालेल, असं बारीक अक्षरात छापलेलं होतं.

बापूंनी बोटं मोजली. "तीन ऱ्हायल्या. मास्तर, आता हात खिशात ठिवा."

*

तरी तिसरीही दिलीपनेच केली. त्याच्या शाळेत परदेशातली मुलं असायची. सुट्टीला जाताना ती वसतिगृहात काहीबाही टाकून जायची. त्यातलीच एक दोन नंबरची डीव्हीडी त्याने आणली. खोकं नव्हतं. चकतीवर नुसतं एका ज्वाळेचं चित्र. दिलीप म्हणाला, युद्धाचा पिक्चर असणार.

मे महिन्याची दुपार, पंखा गरम वारा फेकतोय, आणि समोर एका दगडी चुलाण्यात लाकडं जळतायत. आम्ही म्हटलं, नावं यायची असतील. लाकडं जळत राहिली. पाच मिनिटांनी एक ओंडका सरकला, तेव्हा आम्ही तिघंही पुढे वाकलो. पुन्हा काही नाही. वीस मिनिटांनी दिलीप हळू आवाजात म्हणाला, की थंड देशात लोक टीव्हीवर शेकोटी लावून बसतात असं त्याने कुठेतरी वाचलं होतं.

"चूल तर पेटली," बापू म्हणाले. "सैपाकाला कोन येनार हाय का न्हाई?"

चौथी बदली मालतीने स्वतः केली. तिला तिचे हिंदी पिक्चर बघायचे होते आणि ते पाच नंबरचे होते. ड्राइव्ह पाचवर आला आणि तिने सीपीयूवर कागद चिकटवला: 'एकच बदल उरला आहे. विचारल्याशिवाय हात लावू नये.' बापू तो कागद दर रविवारी वाचायचे, मग बसायचे.

*

खंडेनवमीला आमच्याकडे घरातल्या हत्याराअवजारांची पूजा असते. विळी, कात्री, शिवणयंत्र, माझे जुने कंपास आणि कॉम्प्युटर. हळदकुंकू मालतीने वाहिलं. फुलं वाहायचा मान बापूंना दिला, कारण आमच्यात खरं हत्यार धरलेला माणूस तोच.

बापूंनी कॉम्प्युटरचं बटण जपून दाबलं. ड्राइव्हचा खण बाहेर आला. देवाने हात पुढे केला तर त्यावर काही ठेवायला नको का? त्यांनी झेंडूचं अख्खं फूल ठेवलं आणि हात जोडून डोळे मिटले. खण आपला आपण आत गेला. आतून खवीसासारखा आवाज आला आणि थांबला.

बापूंचा चेहरा मी त्या दिवशी पहिल्यांदा उतरलेला पाहिला. एक शेवटची बदली उरली होती आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने घालवली, असं त्यांना वाटलं. ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी दसरा, दुकानं बंद. त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते ड्राइव्ह मांडीवर घेऊन सांगलीला गेले, तिथल्या एका जुन्या ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे.

त्याने चिमट्याने एकेक पाकळी काढली, पुसलं, लावून बघितलं. म्हणाला, "चालतोय. म्होरल्या वर्षी लांबनंच नमस्कार करा."

*

चकती खरंच आली. बापूंच्या जुन्या कॅप्टनसाहेबांनी कुठूनतरी मागवून रजिस्टर पोस्टाने पाठवली. खोक्याच्या मागे छोट्या गोलात चार छापलेलं. सोबत चिठ्ठी होती, की मीही पाहिलेली नाही, त्यात कोण कोण आहे ते सांगता येत नाही.

आता बापूच गडबडले. ड्राइव्ह चारवर गेला की कायमचा गेला, मालतीचे सगळे पिक्चर बंद. आणि एवढं करून निवृत्ती त्यात नसलाच तर? मी म्हटलं, आधी आपण बघून घेऊ, असला तर काकूंना आणू.

"न्हाई अण्णा," बापू म्हणाले. "तिच्या आदी आपुन बगायचं न्हाई. त्यो तिचा हाय."

मालतीने सीपीयूवरचा कागद काढला आणि चार घड्या करून ठेवून दिला. "भावजी, जा आणि काकूंना घेऊन या."

रविवारी हिराकाकू आल्या. बारक्या, ताठ, हातात पिशवी. मालतीने देशांच्या यादीतून ऑस्ट्रेलिया निवडलं. यापुढे बदल होणार नाही, अशी सूचना आली. तिने ओके दाबलं.

इंग्रजीत कुणीतरी बोलत होतं. लाल धुळीचा रस्ता, पांढऱ्या जीपगाड्या, तंबू. मध्येच एक सडपातळ मिशीवाला जवान पोती उतरवताना दिसला. "ह्यो मी," बापू पुटपुटले. कुणी लक्ष दिलं नाही. अर्धा तास झाला, चाळीस मिनिटं झाली. बापूंनी स्क्रीनकडे बघणं सोडून जमिनीकडे बघायला सुरुवात केली. मला त्यांच्याकडे बघवेना.

शेवटी शेवटी पाण्याचा टँकर आला. एक जवान बनियनवर, हातात बादली. कुणीतरी मागून त्याच्यावर पाणी उडवलं. तो वळला, कॅमेऱ्याकडे बघून तोंडभर हसला आणि पळाला. सात-आठ सेकंद असतील.

"मागं घे," हिराकाकू म्हणाल्या.

मालतीने मागे घेतलं. तो वळला, हसला, पळाला.

"मागं घे."

किती वेळा झालं ते कुणी मोजलं नाही. दिलीपनेही नाही. मग हिराकाकू उठल्या, स्क्रीनच्या अगदी जवळ गेल्या. चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला आणि मालतीला म्हणाल्या, "हितं थांबीव." हसता निवृत्ती थांबला. त्याच्या गळ्याची हाडं दिसत होती.

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बापूंकडे वळल्या.

"आन् तू पत्रात लिवलं हुतंस, थितं जेवान लय चांगलं मिळतंय म्हणून."

बापू खुर्चीतून उठले आणि टाचा जुळवून ताठ उभे राहिले.

"चुकलं, आई," ते म्हणाले.