लाल गाडीची तिसरी फेरी

मास्तरांच्या उजव्या पायाचा तळवा बधिर होऊन दीड वर्ष झालं होतं, आणि हे फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होतं. तिलाही कळलं ते फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले म्हणून. टाचेत स्क्रू घुसलेला, आणि हा माणूस निवांत चहा पीत बसलेला! डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेवर बोट ठेवलं.

"आता तरी गॅरेजच्या मालकांना सांगा," ती म्हणाली.

"सांगितलं की संपलंच."

खोटं नव्हतं ते. परदेशी स्पोर्ट्स गाड्या दुरुस्त करणाऱ्या त्या गॅरेजमागं वळणावळणाचा ट्रॅक होता. सव्वीस वर्षं मास्तरांनी फिरवून पाहिल्याशिवाय एकही गाडी फाटकाबाहेर गेली नव्हती. गाडीचं दुखणं त्यांना तळपायातून कळायचं. दुसरं काही येत नव्हतं. आता ते पातळ तळाचे बूट घालत, कान टवकारून इंजिन ऐकत, आणि कसंबसं निभावून नेत.

अशात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नवरा वर्षापूर्वी गेलेला. त्याच्या मागं दोन गाड्या राहिलेल्या, एक पिवळी, एक लाल. "एक विकायची, एक मी चालवणार," त्या म्हणाल्या. "दोन्ही चालवून दाखवा. मी शेजारी बसते."

मास्तरांनी आधी पिवळी काढली. नवी गाडी, दोनच पेडल, गिअर स्टिअरिंगमागच्या पात्यांवर. पाय दाबला की पाठ सीटला चिकटायची, आणि वळणात चाक सरकायला लागलं की गाडी आपणहून सावरायची. चार फेऱ्या लोण्यातून सुरी फिरावी तशा झाल्या. बाई हसत उतरल्या.

लाल गाडी वीस वर्षांची. तीन पेडल, क्लच दगडासारखा जड, इंजिन पाठीशी गुरगुरणारं. स्टिअरिंगमधून रस्त्याचा खडा न् खडा हाताला कळत होता. पहिल्या दोन फेऱ्या मास्तरांनी कानांच्या भरवशावर काढल्या. तिसऱ्या फेरीत उताराच्या वळणाआधी पाय ब्रेकवर आहे अशी त्यांची खात्री होती. तो अ‍ॅक्सिलरेटरवर होता. गाडी उसळली, दोनदा गरगर फिरली आणि ट्रॅकच्या कडेला रचलेल्या टायरांच्या भिंतीपासून हातभर अंतरावर वाळूत रुतली.

बाईंचा चेहरा पांढराफटक. "हे गाडीनं केलं की तुम्ही?"

मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "टायर कडक झालेत, बाई. जुनी गाडी. हिचा भरवसा नाही."

"मग हीच विकते. ह्यांचा जीव होता हिच्यावर, पण मला इतक्यात मरायचं नाही."

गाडी ओढून आणल्यावर मेकॅनिकनं टायरवर नख रोवून पाहिलं. "मास्तर, टायर नवे आहेत की! झालं काय नेमकं?"

"तुझं काम कर!" मास्तर खेकसले आणि संडासात जाऊन कडी लावून बसले. बूट काढला. तळव्यावर मूठ आपटली. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. काहीच नाही, लाकडावर आपटावी तशी. आज हातभर अंतर राहिलं होतं. उद्या शेजारी कोण असेल? त्यांना हुंदका आवरेना. मग त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि बाहेर आले.

ऑफिसात बाई लाल गाडी विकायच्या कागदावर वाकल्या होत्या. मालक समोर बसलेले.

"सही करू नका," मास्तर दारातूनच म्हणाले. "खोटं बोललो मी. गाडी धड आहे. माझा पाय गेलाय. दीड वर्ष झालं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ठाऊक असून मला शेजारी बसवलंत?"

"हो."

"छातीत दुखतं हे माझ्या नवऱ्यानंही लपवलं होतं. पण त्यानं कुणाला बरोबर न्यायचा घाट घातला नव्हता."

मास्तरांनी मान खाली घातली. मालकांनी हात पुढं केला. मास्तरांनी पट्ट्याला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

दाराशी बाईंनी त्यांना थांबवलं. "तरी सांगा. कुठली ठेवू?"

"पिवळीसारख्या गाड्यांनी माझ्या चुका दीड वर्ष झाकून घेतल्या," मास्तर म्हणाले. "तुमचे पाय शाबूत आहेत ना? मग लाल ठेवा. चूक झाली की ती तिथल्या तिथं सांगते. फक्त आधी सावकाश शिका, आणि शिकवायला दुसरा कुणीतरी बघा."

बाईंनी लाल ठेवली म्हणे. मालकांनी मास्तरांना सुट्या भागांच्या खोलीत खुर्ची दिली. भिंतीपलीकडं गाड्या ट्रॅकवर निघाल्या की ते खोके मोजता मोजता आकडा विसरत. नऊ दिवस काढले, दहाव्या दिवशी गेलेच नाहीत. पुढं दोन महिन्यांनी त्याच पायाची दोन बोटं काढावी लागली.

"सांगितलंत ते बरंच केलंत," बायको अजून म्हणते.

मास्तर भिंतीकडं तोंड करून पडून राहतात.