कमानपाट्याची सुरी

आमच्या गल्लीतला लोहार इतकं कमी बोलायचा, की गिऱ्हाइकं त्याला मुकादादा म्हणत आणि तोही त्या हाकेला ओ देई. त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा लढाईत जखमींची गाडी चालवायचा. एका पुलापाशी गाडीजवळ तोफगोळा फुटला. मागचे जखमी वाचले, मेहुणा गेला.

बरीच वर्षं लोटल्यावर त्या गाडीतून वाचलेले तिघे म्हातारे भट्टीवर आले. भंगारात गेलेल्या त्या गाडीचा, चाकावरचे धक्के झेलणारा एक पोलादी कमानपाटा त्यांनी खटपट करून सोडवून आणला होता. याची सुरी घडव, वर तुझ्या मेहुण्याचं नाव कोर, आम्ही काचेच्या पेटीत घालून तुझ्या बहिणीला देऊ, असं त्यांचं म्हणणं. मुकादादाने मान हलवली खरी, पण नंतर पाट्याला हात लावायला त्याचं मन धजेना. पाटा कोपऱ्यात तसाच पडून राहिला.

शेवटी बहीणच येऊन भात्यापाशी बसली. वडील होते तेव्हा ती तिथेच बसायची. पाटा लालबुंद झाला, घण पडू लागले, बाक गेला, पातं दिसू लागलं. पण तापलेलं पातं तेलात बुडवताच बारीकसा आवाज झाला. बाहेर काढून पाहिलं, तर मधोमध चीर. स्फोटाचा मार लोखंडाने इतकी वर्षं पोटात ठेवला होता.

मुकादादाने पातं ऐरणीवर ठेवलं. "त्याचं एवढंच उरलं होतं गं. तेही माझ्या हातून गेलं."

बहिणीने चिरेवरून बोट फिरवलं.

"टोकाकडचं धड आहे ना? तेवढ्याची कर," ती म्हणाली. "आणि नाव नको कोरूस, दादा. चांगली धार लाव. मला घरात सुरी हवीच आहे."

उरलेल्या तुकड्याची वीतभर सुरी झाली. साध्या लाकडाची मूठ बसली.

म्हातारे पेटी घेऊन मुकादादासोबत बहिणीच्या घरी पोचले, तेव्हा ती त्याच सुरीने कांदा चिरत होती. तिघांचे चेहरे पडले. मग या पेटीचं काय करायचं, असं एकाने विचारलं. त्यात तुझा चष्मा ठेव, म्हणजे सापडेल तरी, असं दुसरा म्हणाला. तिने सगळ्यांना जेवायला बसवलं.

जेवता जेवता थोरला म्हातारा पुलावरचं सांगू लागला. आजवर त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

"शेवटपर्यंत शिव्या घालत होता आम्हाला," तो म्हणाला. "हलू नका, टाके उसवतील म्हणून."

बहीण खळखळून हसली. मग पदर तोंडाशी धरून आत गेली. मुकादादा ताटावरून उठला आणि तिच्यामागे गेला.