पांढऱ्या घोडीची पाठ

ताईचं लग्न ठरलं आणि आमच्या नौपाड्याच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा उरली नाही. लाडवांचे डबे, आहेराची पातळं, मदतीला म्हणून आलेल्या आणि दिवसभर चहा पिणाऱ्या दोन आत्या. मी दहा वर्षांची, सगळ्यांच्या पायात येणारी. एक दिवस पेपरातून एक पत्रक घरात पडलं. लहान मुलांसाठी घोडेस्वारी शिबिर, बाळकुम, सकाळी सात ते अकरा. आई त्याच दिवशी जाऊन माझं नाव घालून आली. मला घोडे आवडतात का, हे कुणी विचारलं नाही. मला चित्रकलेच्या वर्गाला जायचं होतं. पण विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. ताईला तरी कुठं फार विचारलेलं? मुलगा डोंबिवलीचा, बँकेत, दोनदा येऊन पोहे खाऊन गेलेला. झालं, ठरलं.

मला शिबिराला सोडायला ताई यायची. आई ओरडायची, अगं लग्नाची मुलगी तू, उन्हात काळी पडशील. ताई छत्री घ्यायची आणि यायचीच. बसनं बाळकुमला उतरायचं आणि कोळ्यांच्या घरांमधून, सुकत घातलेल्या मासळीच्या वासातून, खाडीकडच्या मैदानावर चालत जायचं. आता तिथं टॉवर आहेत, मला नेमकी जागा दाखवतासुद्धा यायची नाही. ताई माझ्या काळजीनं येते असं मला वाटायचं. ती घरातून सुटायला येत असणार, हे माझ्या टाळक्यात फार उशिरा शिरलं.

शिबिर म्हणजे काय, तर तीन घोडे, नऊ मुलं आणि एक हवालदारकाका. काका पोलिसात घोडे शिकवायचं काम करून रिटायर झालेले. आम्हाला सांगितलं होतं डोक्याला काहीतरी कडक घालून या, म्हणून आम्ही नऊच्या नऊ जण बापांची स्कूटरची हेल्मेटं घालून उभे. आत डोकी गरागरा फिरायची. पहिले तीन दिवस काकांनी कुणाला घोड्यावर बसवलंच नाही. लीद काढा, पाणी पाजा, खरारा करा, म्हणजे त्या दातेरी लोखंडी पट्टीनं अंग घासा. पालक कुरकुरायला लागले, पोरं शेण काढायला पाठवली का म्हणून. काका ढिम्म. त्यांचा एकच नियम होता आणि तो त्यांनी आमच्याकडून इतक्यांदा करून घेतला की अजून हाताला आठवतो. खोगीर चढवायच्या आधी घोड्याच्या पाठीवरून पूर्ण तळवा फिरवायचा. कुठं ओलं लागलं, गरम लागलं किंवा घोड्यानं कातडी थरथरवली, तर त्या दिवशी त्याच्यावर बसायचं नाही. मग कुणीही सांगो.

माझ्या वाट्याला पांढरी घोडी आली. ती काकांची नव्हती, गावातल्या एका बँडवाल्याची होती. सकाळी शिबिराला यायची आणि संध्याकाळी लग्नांना जायची. घोडी बघायला राणीसारखी, पण तिचं माझ्याशी काही जमेना. बाकीचे घोडे मैदानाला सरळ चक्कर मारायचे. माझी घोडी दहा पावलं चालायची आणि थांबायची. मी टाच मारायची, लगाम हलवायची, विनवण्या करायची. ती ढिम्म. मग आपली आपणच दहा पावलं चालायची, परत थांबायची. पोरं खिदळायची. मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय, हिला मी आवडत नाही. मी काकांना विचारलं तर ते म्हणाले, सवय आहे तिची, जाईल. कसली सवय ते सांगेनात. मी रोज घरी येऊन रडायची आणि सकाळ झाली की तिच्यासाठी गुळाचा खडा चोरून खिशात घालायची. मला तिचा राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचंही नाही. हे असं कसं, तेही कळेना.

त्याच आठवड्यात डोंबिवलीहून निरोप आला. मुलाकडच्यांचं फार काही म्हणणं नाही, फक्त नवरदेव मारुतीच्या दर्शनाला जाईल तो घोड्यावरून, आणि घोडा पांढरा पाहिजे. बाबा डोक्याला हात लावून बसले, आता पांढरा घोडा कुठून आणू? मी ओरडलेच, आमच्या शिबिराची घोडी आहे की! घरात सगळे माझ्याकडे बघायला लागले. आत्यानं गालगुच्चा घेतला, बाबा दुसऱ्याच दिवशी बाळकुमला जाऊन बँडवाल्याशी बोलून आले. त्या सबंध लग्नघरात माझा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झालेला. मी दोन दिवस नुसती मिरवत होते.

लग्नाच्या पाच दिवस आधी मी नियमाप्रमाणे पाठीवरून हात फिरवला आणि घोडीनं कातडी अशी थरथरवली की मी मागे सरकले. हाताला ओलं लागलं. मणक्याच्या बाजूला रुपयाएवढी कातडी सोललेली, भोवती सूज. ऐन लग्नाचा हंगाम, रोज एक तरी नवरा तिच्यावर बसत होता. काकांनी बँडवाल्याला बोलावून आमच्यादेखत सांगितलं, आठ दिवस हिच्या पाठीवर वजन नाही, नाहीतर जखम हाडापर्यंत जाईल. तो हो हो म्हणाला. मी बोटं मोजली. आठ दिवस म्हणजे लग्न होऊन जाणार. मग दुसरा घोडा येईल, असं मी धरून चालले. घरी कुणाला बोलले नाही. मला वाटलं मोठ्यांचं मोठ्यांत ठरलं असेल.

त्या दिवशी परतताना बसस्टॉपवर ताईनं छत्री माझ्यावरही धरली. मग एकदम तिनं मला काम सांगितलं, लग्नाच्या दिवशी मी वरपक्षाबरोबर राहायचं. नवरदेव मारुतीला जाऊन कार्यालयात येईपर्यंत त्याला नीट बघायचं आणि येऊन तिला सांगायचं.

"काय सांगू?" मी विचारलं.

"माणूस कसा आहे ते. बाकीचे सगळे चांगलंच सांगणार. तू खरं सांगशील."

मी मान डोलावली. दहा वर्षांच्या पोरीवर एवढं मोठं काम टाकलंय म्हणून मला अभिमान वाटला. माणूस कसा आहे हे बघायचं म्हणजे काय बघायचं? घोड्याचं काकांनी शिकवलं होतं, माणसाचं कुणी शिकवलं नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी परकर-पोलकं घालून जानवशाच्या दारात उभी. जानवसा म्हणजे कार्यालयाशेजारची शाळा, तिच्या वर्गात वरपक्ष उतरलेला. बँड आला आणि पाठोपाठ घोडी आली. तीच. अंगावर जरीची झूल, कपाळावर गोंडे, पायांत घुंगरं. मला आधी आनंद झाला, मग धस्स झालं. मी धावत तिच्याजवळ गेले आणि झुलीखाली हात घातला. तिनं कान मागे टाकले. हाताला हळद लागली आणि हळदीत ओलं. जखम तळहाताएवढी झालेली. मी लगाम धरलेल्या माणसाला म्हटलं, अहो, काकांनी हिच्यावर बसायला मनाई केलीय. तो म्हणाला, हळद भरलीय बेबी, गादी मऊ आहे, जा तू तिकडं.

मी बाबांना शोधलं. ते विहीणबाईंच्या कुठल्यातरी रुसव्यात अडकलेले. मी हात ओढून सांगितलं तर अर्धवट ऐकलं आणि डोळे वटारून म्हणाले, शुभकार्यात रक्ताबिक्ताची भाषा करायची नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तूच सुचवलीस ना ही घोडी? आता तिकडून काही ऐकायला लागलं तर बघ. मला काही समजेना. नियम तर होता. कुणीही सांगो, असं काका म्हणाले होते. पण कुणीही म्हणजे आई-बाबासुद्धा? आणि घोडी मीच सुचवलेली. लाज, राग, सगळं एकदम आलं आणि मी तिथंच उभी राहून पोलक्याच्या बाहीला डोळे पुसले.

तेवढ्यात नवरदेव बाहेर आला. फेटा, मुंडावळ्या, हातात नारळ. घोडीशेजारी स्टूल ठेवलेलं. ताईनं बघायला सांगितलंय ते याच्याकडेच, तर मग यालाच सांगावं, असं माझ्या मनात आलं. मी गर्दीतून घुसले आणि त्याचा शेला ओढला. तो वाकला. खरं सांगते, किती छान वाकला. बाकी कुणी त्या दिवशी माझ्यासाठी वाकलं नव्हतं. मी त्याच्या कानात सगळं सांगितलं, हळद, जखम, आठ दिवस. त्यानं नीट ऐकलं. मग झुलीची कड स्वतः वर उचलली आणि गादीखाली बघितलं. चांगलं दोन-तीन श्वास बघत राहिला. त्याचा चेहरा उतरला, तो मी पाहिला. मला वाटलं, सुटलो, मी आणि घोडी दोघी.

त्यानं झूल खाली सोडली आणि सारखी केली.

"पाच मिनिटांचं तर आहे," तो म्हणाला. "कुणाला बोलू नकोस, हं?"

माझ्या गालाला हात लावला आणि स्टुलावर पाय ठेवून बसला. घोडीची कातडी मानेपासून शेपटीपर्यंत थरथरली. बँड वाजायला लागला.

घोडी दहा पावलं चालली आणि थांबली. पुढं पोरं नाचायला लागली. नाच झाला, माणसानं लगाम ओढला, परत दहा पावलं, परत थांबली. मी तिथंच रस्त्यात उभी राहिले. शिबिरात ती माझ्यावर रुसत नव्हती तर. तिला चालणं म्हणजे एवढंच माहीत होतं. पाच मिनिटांच्या रस्त्याला पाऊण तास लागला. तेवढा वेळ मी घोडीकडे कमी आणि नवरदेवाकडे जास्त बघत होते. तो मजेत नव्हता. अंग चोरून, जमेल तितका पुढं सरकून बसलेला. त्याचा मामा एका बाजूला, चुलता दुसऱ्या बाजूला, मागून बायका, फोटोग्राफर ओरडतोय, हसा, हसा. तो हसला. तो चांगला की वाईट, हे मला तेव्हा ठरवता येईना. इतक्या वर्षांनी, दिवाळीला त्याच्याच ताटात जेवण वाढतानाही, कधीकधी ठरवता येत नाही आणि माझाच मला वैताग येतो.

मारुतीपाशी तो उतरला. घोडीच्या झुलीवर बोटभर डाग उठलेला. लगाम धरलेल्या माणसानं हार सरकवून तो झाकला. मी खिशात गूळ आणला नव्हता. तिच्या नाकाला हात लावला तर तिनं मान फिरवली. मी पळत सुटले ती थेट कार्यालयात.

ताई आतल्या खोलीत गौरीहराशी बसलेली. पिवळं पातळ, हातात तांदूळ, समोर चांदीची अन्नपूर्णा. नवरीनं तिथं बसून तांदूळ वाहत राहायचं, मामा न्यायला येईपर्यंत उठायचं नाही. आत्या तिच्या मुंडावळ्या शोधायला बाहेर गेलेली. ताईनं मला जवळ ओढलं आणि हळूच विचारलं, बघितलंस?

मी म्हटलं, बघितलं. वाकून ऐकतात. आणि मग मला काही थांबवता आलं नाही. घोडी तीच आहे, तिची पाठ सोललीय, मी सांगितलं, त्यांनी झूल उचलून स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं आणि बसले. सगळं भडाभडा बोलून टाकलं. खरं सांग म्हणाली होती ना, मी खरं सांगितलं.

ताईचा तांदळाचा हात तसाच राहिला. बाहेर सनई लागली होती आणि कुणीतरी मामांना हाका मारत होतं. मला वाटलं आता ही उठेल. मला भीती वाटली ती उठेल याची, आणि उठणार नाही याचीही.

"एवढी माणसं होती," ताई म्हणाली. "काय करणार होते ते?"

हे तर ती मला विचारत नव्हती.

"घोडी चालली ना पण?"

"चालली."

"मग झालं," ताई म्हणाली. आत्या मुंडावळ्या घेऊन आत आली, आणि ताईनं बांधून घ्यायला मान खाली घातली.