अर्ध्या तासाचं एक वाक्य

माझे थोरले भावोजी कोर्टात दुभाषी. माणसं आपल्या भाषेत बोलायची, भावोजी ते इंग्रजीत सांगायचे आणि नोंद इंग्रजीचीच व्हायची. दुभाष्यानं 'मी' म्हणूनच बोलायचं असतं. म्हणून संध्याकाळी ताई विचारायची, "आज किती खून केलेत?"

"एकच. पण दोन घरं फोडली."

मी नाटकातली बाई. म्हणायचे, "भावोजी, माझ्याहून जास्त भूमिका तुम्ही केल्यात, त्याही रंग न लावता!"

मग ती बाई आली. नवऱ्याला विष दिल्याचा आरोप. न्यायाधीश परमुलखातले, तिचा वकील सरकारनं दिलेला, कागदांत मान घातलेला. काही सांगायचंय का, असं विचारल्यावर ती अर्धा तास बोलली. नवऱ्याचं दुखणं, त्याचं ओरडणं, त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवून मागितलेलं मरण. न्यायाधीशांनी घड्याळ पाहिलं. "थोडक्यात."

भावोजींनी थोडक्यात सांगितलं : मी त्याला विष दिलं.

बाईला वाटलं, सगळं पोचलं. "बरं मांडलंत, भाऊ," म्हणाली. जन्मठेप झाली.

तेव्हापासून ती ताईच्या घरीच राहायला आली म्हणा ना. जेवताना भावोजी मधेच बायकी, दबक्या आवाजात म्हणत, "दोनदा नाही म्हणाले हो मी त्यांना." ताईचा घास हातातच राही. मलाही तिचं सगळं बोलणं ऐकून ऐकून पाठ झालं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं, तिचं पूर्ण म्हणणं कोर्टात द्यायचं. अर्ज इंग्रजीतच हवा. पण लिहायला बसले की अर्ध्या तासाचं एक पान होई.

"सवयीनं छाटतोच गं मी. तू बोल. वाक्य सुटलं की टोक."

तीन आठवडे रोज दुपारी मी ती बाई होऊन उभी राहिले. ते टाइप करत. राण्या केल्या, हडळी केल्या, पण अशी कुणी माझ्या जिभेवर बसली नव्हती.

उत्तर आलं, दोन ओळींचं. भावोजींनी ते आम्हाला आपल्या भाषेत सांगितलं : बाई तुरुंगात चौथ्या वर्षीच वारली, प्रकरण बंद.

"आता तरी सोडा तिला," ताई म्हणाली.

भावोजींनी टाइपरायटर बाजूला सारला. "आज इंग्रजी नको. नुसतं बोल."

मी बोलले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते हात मांडीवर ठेवून नुसते ऐकत होते. संपल्यावर मान वर केली.

"बसा आता, बाई. दमलात."

मला ते 'तू' म्हणतात.

मी उभीच होते. ताईनं खुर्ची पुढे सरकवली, पण ती माझ्यासाठी नव्हे, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागी.