प्रागच्या पुलावर वस्ताद

नवा कोट पहिल्यांदा अंगात घालणाऱ्या बाईने आधी त्याचे खिसे चाचपावेत. मी चाचपले नाहीत, आणि एका निरपराध माणसाचं मनगट मोडलं. मोडलं वस्तादांनी, अक्कल माझी गेली होती. तेव्हा मी पंचावन्नची, केस ताजे रंगवलेले, साडीवर सुनेने घेऊन दिलेला लाल कोट, आणि तोरा असा की जणू युरोप माझं माहेर.

वस्ताद शिवाजी पेठेत आमच्या शेजारी राहायचे, तालमीत पोरं घडवायचे. त्यांचा हात तोंडाआधी चालायचा. खोटं बोललेल्या पठ्ठ्याच्या कानाखाली अशी दिली होती, की आठवडाभर त्याला शिट्ट्या ऐकू येत होत्या. एका बाईला धडकून पळणाऱ्या मोटरसायकलवाल्याला त्यांनी गाडीसकट आडवा केला, मग वाकून विचारलं, "पावणं, लागलं न्हाय न्हवं?" सगळी पेठ हसली. मी जरा जास्तच.

त्यांच्या लेकाने हट्टाने पाठवलं म्हणून ते आमच्या युरोपच्या सहलीला आले. प्रागला नदीवरच्या जुन्या पुलावर दोन्ही बाजूंना संतांचे दगडी पुतळे आहेत. गाइड त्यांचा इतिहास सांगत होती, आणि वस्ताद एकेकाची मान न्याहाळत होते. "ह्यो दोन मिनटात चीत."

तिथेच एक माणूस दोऱ्यांवर लाकडी म्हातारी नाचवत होता. मी वाकून बघितलं, उभी राहिले, त्याला नाणं द्यायला पर्समध्ये हात घातला. पासपोर्ट नाही! मी सरळ त्याच्याकडे बोट केलं. "वस्ताद, ह्यानंच घेतला." वस्तादांनी एक शब्द विचारला नाही. मनगट धरलं, पिळलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्याने दुसरा हात वर केला, तर थोबाडीत बसली. ओठ फाटला, बाहुलीवर रक्त सांडलं.  तो लोंबणाऱ्या बोटांकडे नुसता बघत राहिला.

पोलीस आले तेव्हा पासपोर्ट माझ्या हातात होता. कोटाच्या आतल्या खिशात सकाळी मीच ठेवलेला. वस्तादांनी तो पाहिला, आणि गाइडकरवी पोलिसांना सांगितलं, "मला कुणी काय बोललं न्हाय, संशय माझाच." मी गप्प बसले. ते दोन दिवस कोठडीत. मी बोटीतून शहर बघत.

त्यानंतर मरेपर्यंत वस्तादांनी कुणावर हात उगारला नाही. पोरं पाया पडायला आली, तरी हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. एकदा धीर करून मी त्यांच्या दारात गेले. रडले, "एकदा माफ केलं म्हणा," असं विनवलं. त्यांनी हात पाठीमागे बांधले. मग म्हणाले,

"वैनी, बोट तुम्ही दावलंसा, हात म्या मोडला. माझ्या वाटणीचं पाप हाय माझ्याकडं. तुमच्या वाटणीचं हितं कशाला घिऊन आलासा?"